जुन्या घड्याळांचा नाद

मनुष्यास पोटापाण्याच्या उद्योगावाचून दुसरा एखादा नाद असावा, असे शहाणे लोक सांगत आले आहेत. कोणी बाग फुलवितो, कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी सायंकाळी पेटी घेऊन बसतो. आम्हांस नाद लागला तो बंद पडलेल्या घड्याळांचा. ज्यांस रोज सकाळी किल्ली द्यावी लागते, जी कानाशी धरली असता टिकटिक ऐकू येते, आणि जी हल्ली बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी फडक्यात गुंडाळून पडलेली असतात, अशी घड्याळे मिळवावी, उघडावी, स्वच्छ करावी आणि पुन्हा चालू करावी, हा आमचा सुटीच्या दिवसांचा उद्योग होय.

घरच्या मंडळींच्या मते हा नाद निरुपद्रवी आहे, परंतु निरर्थकही आहे. शेजारीपाजारी अधिक स्पष्ट बोलतात. "गुरुजी, दोनशे रुपयांत नवे घड्याळ मिळते, शिवाय खिशातला फोन वेळ सांगतो तो निराळाच. मग या जुन्या डब्यांत डोके कशाला घालता?" प्रश्न रास्त आहे. वेळ समजून घेण्यापुरतेच घड्याळ हवे असेल तर जुन्या घड्याळाच्या वाटेस न गेलेलेच बरे. तथापि या उद्योगात आम्हांस जे मिळाले ते वेळेच्या ज्ञानाहून निराळे आहे, आणि ते विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या वडील मंडळींच्या कानी घालावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे राहणे राळेगणसिद्धीस. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्याचे हे गाव. गाव कोरडवाहू मुलखातले. परंतु जुन्या घड्याळांच्या बाबतीत आमचा हा मुलूख मुळीच दरिद्री नाही. नगर हे जुने लष्करी ठाणे. आमच्या भागातील पुष्कळ तरुण पलटणीत जात आले आहेत. पेन्शन घेऊन घरी परतणाऱ्या शिपायाच्या लोखंडी ट्रंकेत बूट, कांबळे, प्रशस्तिपत्रके यांच्या जोडीला एखादे मनगटी घड्याळ हमखास असे. दुसरा मार्ग लग्नाचा. जावयास घड्याळ देण्याची रीत आमच्याकडे दोन पिढ्या चालली. त्यामुळे ज्या घरात पुस्तक सापडणार नाही त्या घरातही बंद पडलेले एक घड्याळ सापडते.

ही घड्याळे मुख्यतः तीन घराण्यांची असतात. सर्वांत जुनी 'वेस्ट एंड वॉच कंपनी'ची. हे नाव १८८६ साली हिंदुस्थानच्या बाजारासाठी योजिले गेले. घड्याळे स्वित्झर्लंडात तयार होत आणि मुंबई-कलकत्त्याच्या पेढ्यांतून विकली जात. त्यांतील 'सोवार' हे नाव म्हणजे आपला 'सवार' हाच शब्द होय. घोडदळातील शिपायाचे नाव घड्याळास द्यावे यावरूनच त्याचे गिऱ्हाईक कोण होते ते उमगते. दुसरे घराणे 'फाव्र-ल्यूबा'चे. ल लोक्ल नावाच्या स्विस गावी १७३७ साली आरंभ झालेल्या या घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईस आपले बस्तान बसविले. तिसरे घराणे आपले स्वदेशी, 'एचएमटी'चे. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला. 'जनता', 'पायलट', 'जवान', 'कोहिनूर' ही त्यांची नावे ज्यांस ठाऊक नाहीत असे पन्नाशीच्या पुढचे गृहस्थ थोडेच असतील. २०१६ मध्ये सरकारने या घड्याळांचा कारखाना बंद करण्याचे ठरविले. तेव्हापासून ही घड्याळे खऱ्या अर्थाने पोरकी झाली. त्यांचे नवे सुटे भाग कोणी करीत नाही, आणि एका घड्याळास जगवावयाचे तर बहुधा दुसऱ्या मृत घड्याळाचे अवयव काढावे लागतात.

आता या डबीच्या आत आहे तरी काय, हे थोडक्यात सांगतो. किल्ली दिली म्हणजे एका वाटोळ्या डबीतील पोलादी पट्टी गुंडाळली जाते. हीच मुख्य कमान. तिला उलगडण्याची घाई असते, आणि तिच्या या घाईवर सारे घड्याळ चालते. तिचा जोर एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर जातो. पैकी एक चक्र तासास एक फेरा करते, त्यावर मिनिटाचा काटा; दुसरे मिनिटास एक फेरा करते, त्यावर सेकंदाचा काटा. परंतु कमानीस मोकळे सोडले तर ती क्षणार्धात उलगडून जाईल. तिला आवर घालण्यासाठी शेवटी एक तोलचक्र बसविलेले असते. कारागीर त्यास बॅलन्स म्हणतात. केसासारख्या बारीक कमानीच्या साहाय्याने ते मागेपुढे झुलते, आणि प्रत्येक झोक्यास शेवटच्या चक्राचा फक्त अर्धा दात पुढे जाऊ देते. आपण जी टिकटिक ऐकतो ती या अडवणुकीची. 'जनता'सारख्या घड्याळात ती सेकंदास ५ वेळा, तासास १८,००० वेळा आणि दिवसास ४,३२,००० वेळा होते. दिवसाचे सेकंद ८६,४००. जुने घड्याळ दिवसातून अर्धा मिनिट मागे पडले म्हणून आपण नाक मुरडतो. पण ती चूक २,८८० भागांत एक भाग इतकीच असते. एवढा हिशेब चोख ठेवणारा मनुष्य आम्ही तरी पाहिला नाही.

विद्यार्थी नेहमी विचारतात की तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिले असते, तर आत खरोखरच माणके असतात काय? असतात; परंतु त्यांवरून कोणी श्रीमंत होणार नाही. चक्रांचे धुरे ज्या भोकांत फिरतात ती भोके झिजू नयेत म्हणून तेथे माणकाचे बारीक खडे बसवितात. हे माणिक कृत्रिम असते. ऑगस्ट व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते भट्टीत करण्याची कृती १९०२ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून माणिक ही घड्याळवाल्याची साधी वस्तू झाली. याहून मौजेची गोष्ट अशी की, ज्या दोन खड्यांवर शेवटचे चक्र थोपविले जाते ते आपल्या जागी चिकटवितात लाखेने. तीच लाख, जी आपल्याकडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे करतात. स्विस घड्याळाच्या ऐन काळजापाशी हिंदुस्थानच्या रानातील किड्याची लाख असावी, हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हांस मोठी गंमत वाटली. या लाखेमुळेच तो भाग स्पिरिटात बुडवू नये, नाही तर लाख विरघळून खडे सुटतात.

हे सारे आम्ही पुस्तकांतून शिकलो नाही. नगरमधील एका वृद्ध कारागिराच्या दुकानी सुटीच्या दिवशी जाऊन बसण्याचा आम्ही परिपाठ ठेवला होता. दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला काचेची एक पेटी आणि तिच्यामागे एक स्टूल. डोळ्यास भिंग लावून ते तासन्‌तास मान खाली घालून बसत, आणि बोलणे अगदी बेताचे. पहिले तीन महिने त्यांनी आम्हांस एका निकामी घड्याळाचे स्क्रू काढावयास आणि पुन्हा बसवावयास लाविले. दुसरे काही नाही. हाताचा धसमुसळेपणा जाईपर्यंत चांगल्या घड्याळास हात लावू देणार नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या मुलांनी हा धंदा उचलला नाही, याचे त्यांस दुःख असावे. पण ते त्यांनी कधी बोलून दाखविले नाही.

त्यांची पहिली शिकवण अशी की, घड्याळ उघडताच प्रथम कमानीचा ताण उतरवावा. कमान भरलेली असता मधला भाग काढला तर सारी चक्रे भरधाव सुटतात आणि दात किंवा धुरे मोडतात. दुसरी शिकवण, जे जे काढाल त्याची जागा कागदावर चितारून ठेवा. मग काटे, तबकडी, तोलचक्र, चक्रांवरची पट्टी, चक्रे आणि शेवटी कमानीची डबी, अशा क्रमाने घड्याळ सोडवावयाचे. स्क्रू धरून सुमारे शंभर तुकडे एका पांढऱ्या कागदावर मांडले की ते एकदा चालत होते यावर विश्वास बसत नाही. नंतर पेट्रोलमध्ये धुणे, मऊ लाकडाची काडी अणकुचीदार करून माणकांची भोके साफ करणे, वाळविणे, आणि पुन्हा जुळविताना तेल देणे. तेल देणे म्हणजे तेल ओतणे नव्हे. सुईच्या टोकावर जेवढे राहील त्याहूनही थोडे पुरते. अधिक दिले तर ते ओघळून भलत्याच जागी जाते आणि धूळ धरून ठेवते. शेवटी तोलचक्र बसवितात. ते जागी पडले आणि आपोआप झुलू लागले की कारागीर भिंग काढून मान वर करतो. तेव्हा आम्हांसही काही बोलावेसे वाटत नसे.

घड्याळाचा खरा वैरी धूळ आणि घाम. आमच्या माळरानी मुलखात पहिली वाऱ्याबरोबर येते आणि दुसरा शेतकऱ्याच्या मनगटावर बारमाही असतो. किल्लीच्या दांड्यावाटे दोन्ही आत शिरतात. जुने तेल वाळून चिकट होते, त्यात धूळ बसते, आणि एके दिवशी घड्याळ थांबते. आम्ही उघडलेल्या घड्याळांपैकी निम्म्याहून अधिक घड्याळांत मोडलेले असे काहीच नव्हते, फक्त मळ होता. यावरून लीलावतीची कथा आठवते. बाराव्या शतकातील थोर गणिती भास्कराचार्य यांनी आपल्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यावर सोडले. तळाच्या बारीक भोकातून पाणी आत येऊन पात्र बुडावे म्हणजे घटका भरावी, अशी ती योजना. मुलगी कौतुकाने वाकून पाहू लागली, तिच्या अंगावरील एक मोती त्यात पडून भोक बुजले, आणि मुहूर्त कोणास न कळता टळून गेला. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे; परंतु एवढेसे काही आड आले तर काळ मोजण्याचे यंत्र कसे निरुपयोगी होते, हे ज्याने ती रचिली त्यास पक्के ठाऊक असले पाहिजे.

येथे एका परदेशी गृहस्थाचे चरित्र सांगणे अवश्य वाटते, कारण त्यांचाही हा धंदा नव्हता, नादच होता. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या इंग्रजाने भर समुद्रात अचूक वेळ दाखविणारी घड्याळे केली. त्यांच्या योगाने जहाजांस आपले रेखांश कळू लागले. त्यांतील चौथे, मोठ्या खिशातील घड्याळाएवढे, १७५९ साली पुरे झाले. पुढे ही अमोल यंत्रे ग्रीनिच येथे काळवंडून, गंजून पडली. १९२० साली रुपर्ट गोल्ड नावाच्या नौदलातील अधिकाऱ्याच्या ती दृष्टीस पडली. गोल्ड यांनी घड्याळाचे काम कोणापाशी शिकलेले नव्हते. तरी त्यांनी ती स्वच्छ करण्याचे काम अंगावर घेतले, तेही विनावेतन. आणि पहिले यंत्र १९३३ साली पुन्हा चालू होईपर्यंत सोडिले नाही. म्हणजे सुमारे तेरा वर्षे. आपण काय काढले, काय साफ केले, काय नवे करून घातले, याची टाचणे व आकृत्या त्यांनी अठरा वह्यांत लिहून ठेवल्या. आम्हांस त्यांच्या चिकाटीहूनही या वह्यांचे अधिक कौतुक वाटते. दुरुस्ती करणाऱ्याचा प्रामाणिकपणा अशा वह्यांत दिसतो.

प्रामाणिकपणा हा शब्द येथे मुद्दामच योजिला आहे. जुने घड्याळ चालू करणे आणि जुने घड्याळ नवे भासविणे, या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत. आणि या नादात पडलेल्या माणसाची खरी परीक्षा येथेच होते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावाहून एक वृद्ध बाई आपल्या नातवास घेऊन आमच्याकडे आल्या. पदरास गाठ मारून त्यांनी एक 'सोवार' आणले होते. त्यांचे यजमान पलटणीत होते. त्यांस जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती. विहिरीच्या कामावर असता घड्याळ मनगटावरून निसटून दगडावर आदळले, ते तेव्हापासून बंद. तबकडी पिवळी पडलेली, सहाचा आकडा जवळजवळ पुसलेला, काचेवर ओरखडे. आम्ही ते उघडले. तोलचक्राचा धुरा एका टोकास मोडला होता. हे टोक केसाइतके बारीक असते. त्यास धक्क्यापासून वाचविण्याची सोय त्या घड्याळात नव्हती.

नातू शहरात शिकणारा, हौशी. त्याने आपल्या फोनवर आम्हांस काही चित्रे दाखविली. तबकडी नवी कोरी, आकडे लाल-निळे, पेटीला आरशासारखी झिलई. "गुरुजी, हे असं करून मिळतं. शहरात एका दुकानदारानं माझ्या मित्राच्या आजोबांचं करून दिलं. आपलंही तसंच करू." त्या मित्राचे घड्याळही पुढे आमच्या पाहण्यात आले. मूळ तबकडी खरवडून तीवर रंग दिलेला. त्यावरील अक्षरे वाकडी, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी न जुळणाऱ्या, तळाचे 'स्विस मेड' गायब. आत मात्र तोच मळ, तेच वाळलेले तेल. ते तीन महिन्यांत बंद पडले होते. आणि जी गेली ती तबकडी आता कोणासही परत आणता येणार नव्हती.

आजीबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, ह्याचा आवाज पहिल्यासारखा यील का?" रात्री यजमान घड्याळ उशाखाली ठेवीत, आणि त्या आवाजाची त्यांस सवय झाली होती, असे नातवाने सांगितले. त्यास ते त्या दिवशीच प्रथम कळले होते.

आम्ही त्या दोघांस म्हणालो की आवाज येईल, परंतु धुरा बदलावा लागेल. तो दुसऱ्या घड्याळातून घ्यावा लागेल. तबकडीस आम्ही हात लावणार नाही, फक्त धूळ झटकू. काच बदलू, कारण तीतून काटे दिसत नाहीत. पेटीला झिलई करणार नाही, कारण झिलई म्हणजे धातू खरवडणेच. दर वेळी कडा बोथट होतात आणि वस्तूचा आकार जातो. नातवाचा चेहरा थोडा उतरला, परंतु आजींचा होकार मिळाला. योग्य धुरा असलेले दुसरे निकामी घड्याळ मिळण्यास सात महिने लागले. घड्याळ परत देताना आम्ही त्याबरोबर एक चिठी दिली: अमुक तारखेस उघडले, धुरा व काच बदलली, कमान जुनीच, तबकडी मूळची. नातवाने विचारले, चिठी कशाला? आम्ही म्हणालो, तुझ्या नातवाने हे घड्याळ उघडले तर त्याची फसवणूक होऊ नये म्हणून. घड्याळ आजींच्या हाती दिले. त्यांनी ते कानाशी धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. आवाज पहिल्यासारखा होता की नाही हे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

जुन्या घड्याळांच्या बाजारात आपल्या देशाचे नाव या बाबतीत फारसे चांगले नाही, हे खेदाने लिहावे लागते. येथून विकली जाणारी पुष्कळ जुनी घड्याळे रंग दिलेल्या तबकड्यांची आणि तीन-चार घड्याळांच्या तुकड्यांतून जुळविलेली असतात, हे देशोदेशीचे संग्राहक जाणून आहेत. तुकडे जुळविण्यात दोष नाही, आम्हीही जुळवितो. दोष आहे तो न सांगण्यात. जे बदलले ते सांगितले की ती दुरुस्ती. लपविले की ती लबाडी.

राळेगणात राहणाऱ्या माणसास 'जीर्णोद्धार' या शब्दाचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाही. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा त्यांनी पहिले काम हाती घेतले ते पडक्या यादवबाबा मंदिराच्या जीर्णोद्धाराचे, आणि त्यासाठी स्वतःचा पैसा घातला. नंतर गावकऱ्यांच्या श्रमदानातून ओढ्यांवर बांध आले, माळावर चर खणले गेले, झाडे लागली. या साऱ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पाऊस काही वाढला नाही. जो पूर्वी पडत होता तोच पडला. मात्र वाहून जाणारे पाणी अडविले गेले, जमिनीत मुरले, आणि विहिरींस आले. गावातील शाळेचे नावही झाले ते इतरत्र नापास ठरलेल्या मुलांस प्रवेश देण्यामुळे. आम्ही घड्याळांच्या मेजाशी बसतो तेव्हा या गोष्टी आठवतात. थांबलेल्या घड्याळाची कमान बहुधा शाबूत असते; तिचा जोर मळात जिरून जातो एवढेच. तो मळ काढावा, गळती थांबवावी, मोडले असेल तेवढे बदलावे, आणि बाकीचे होते तसे राहू द्यावे. गाव काय, मूल काय, घड्याळ काय, याहून निराळा उपाय आम्हांस माहीत नाही.

येथे विद्यार्थ्यांस एक गंभीर सूचना केली पाहिजे. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या घड्याळास आपल्याकडे 'रेडियमचे घड्याळ' म्हणतात. हल्लीच्या घड्याळांत रेडियम नसते. परंतु १९६० सालापूर्वीच्या पुष्कळ घड्याळांत ते खरोखरच असे. अमेरिकेत न्यू जर्सी परगण्यातील ऑरेंज येथे या शतकाच्या मागील शतकात, १९२० च्या सुमारास, तरुण मुली कारखान्यात बसून हे रेडियम तबकड्यांवर कुंचल्याने भरीत, आणि कुंचल्यास टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांतील कित्येकींची जबड्याची हाडे कुजली, कित्येकी मेल्या. वाचलेल्यांनी कंपनीवर फिर्याद केली, तिचा निकाल १९२८ मध्ये तडजोडीने लागला. रेडियमचा जोर अर्ध्यावर येण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. जुनी तबकडी आता चमकत नाही ती तीतील चमकणारे द्रव्य झिजले म्हणून. रेडियम तसेच असते. यास्तव अशा घड्याळाची काच विद्यार्थ्याने मुळीच काढू नये, आकड्यांवरील भुकटी खरवडू नये, फुंकू नये. बंद घड्याळ मनगटावर बांधण्यात फारशी भीती नाही. भीती आहे ती भुकटी पोटात किंवा छातीत जाण्याची. त्याचप्रमाणे पेट्रोलने धुण्याचे काम वडील माणसांसमक्ष, उघड्या खिडकीपाशी आणि विस्तवापासून दूर करावे.

आता शेजाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यानंतरच्या अशा घड्याळांत गारगोटीच्या जातीचा एक स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. महिनाभरात दहा-पंधरा सेकंदांचाच फरक पडतो. आमचे दुरुस्त केलेले घड्याळ एका दिवसात तेवढे चुकते. अचूकपणात आम्ही हरलो, हे आनंदाने कबूल आहे. परंतु दोनशे रुपयांचे ते घड्याळ बिघडले की त्यात दुरुस्त करण्याजोगे फारसे नसते. ते टाकून देतात. आमचे साठ वर्षांचे घड्याळ उघडते, समजते, सुधारते. ज्या वस्तूचे आतले काम आपणांस पाहता येते आणि आपल्या हाताने सुधारता येते, तिच्याशी आपले नाते निराळे होते. मुलांच्या हाती आज ज्या वस्तू आहेत त्यांपैकी किती वस्तू ती उघडून पाहू शकतात, याचा विचार पालकांनी अवश्य करावा.

ज्यांस हा नाद करून पाहावयाचा असेल त्यांनी पुढील क्रमाने जावे. घरातील जुने घड्याळ सापडल्यास प्रथम किल्ली जोराने पिळू नये. वाळलेल्या तेलात जबरदस्ती केल्याने नुकसान होते. ते कोणाचे, कोठून आले, कधी थांबले, हे घरातील वृद्धांस विचारून एका कागदावर लिहावे. घड्याळ उद्याही दुरुस्त होईल, सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही. मग ते जवळच्या जाणत्या कारागिराकडे न्यावे, तबकडी रंगवू नका असे स्पष्ट सांगावे, आणि तो परवानगी देईल तर काम चालू असता जवळ बसून पाहावे. असे कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांच्या काचेच्या पेटीपुढे एखादा शाळकरी मुलगा वा मुलगी उभी राहिली तर त्यांस किती बरे वाटते, हे आम्ही पाहिले आहे.

पालकांस विनंती एवढीच. मुलाने घरातील घड्याळ उघडलेले दिसल्यास रागावण्यापूर्वी ते कोणते हे पाहावे. आजोबांचे असेल तर अलगद काढून घ्यावे, सारे तुकडे एका डबीत जमवून ठेवावे, आणि त्याऐवजी जुन्या बाजारातून आणलेले एखादे निकामी मनगटी घड्याळ त्याच्या हाती द्यावे. गजराच्या घड्याळाची कमान फार जोरदार असते, म्हणून ते आरंभी देऊ नये. जवळ एक पांढरा कागद, एक चिमटा, एक भिंग आणि एक वही असावी. पहिल्या दिवशी काही चालू होणार नाही. तुकडे मात्र मोजून पुन्हा डबीत भरले जातील, आणि वहीत त्यांची चित्रे असतील. आरंभास तेवढे पुष्कळ झाले.